मिती जपूनच तारीख द्यावी

महोदय,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळामुळे जुने दस्तऐवज घरबसल्या पाहता येतात आणि सरकारी संग्रहालयांतील वस्तूंच्या ऑनलाइन मांडणीसाठी आपल्या पुण्यातल्याच सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ‘जतन’ ही संगणक प्रणाली तयार केली, ही आनंदाची गोष्ट आहे. अशा संग्रहांत सनावरून शोध घेण्याची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. एखादे वर्ष निवडावे आणि त्या वर्षीचे पत्र, नाणे, चित्र शेजारीशेजारी पाहावे, हे छापील सूचीत कुठले जमायला! मात्र मराठी कागदपत्रांच्या बाबतीत ही सोय नोंदीतील तारखेइतकीच खरी असते.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ या मितीला झाली. शकात सरसकट ७८ मिळवले तर १७६० येते, कारण शक चैत्रात बदलतो आणि पौषात बहुधा इंग्रजी वर्ष उलटते. अशी बेरीज करून नोंदवलेला कागद १७६१ साल शोधणाऱ्या विद्यार्थ्याला दिसणारच नाही. पेशवेकालीन कागदांवर तर अनेकदा शुहूर सन ही तेव्हाची वेगळी वर्षगणना अरबी शब्दांत लिहिलेली असते. पानिपतच्या वेळचा सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. हा सन मृग नक्षत्राला बदलत असल्याने डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. इंग्रजी कागदही या घोळातून सुटलेले नाहीत. आजची ग्रेगोरियन कालगणना इंग्रजांनी पोर्तुगिजांच्या बऱ्याच नंतर, १७५२ मध्ये स्वीकारली, त्यामुळे सतराव्या शतकातील एकाच दिवसाची तारीख सुरतेच्या इंग्रज वखारीच्या आणि गोव्याच्या पोर्तुगिजांच्या कागदांत दहा दिवसांच्या फरकाने येते.

म्हणून कागदावरची मूळ मिती जशीच्या तशी नोंदवावी, रूपांतरित तारीख वेगळ्या रकान्यात द्यावी आणि ती निश्चित आहे की अंदाजे, हेही सांगावे. केवळ साल ठाऊक असलेल्या वस्तूंना काही संगणकीय सूचींत आपोआप १ जानेवारी ही तारीख चिकटते. आपल्या पूर्वजांनी सारी कामे त्याच दिवशी उरकली असतील, असे वाटत नाही. वस्तू घडवल्याचे वर्ष आणि ती संग्रहालयात आल्याचे वर्ष यांचीही गल्लत होऊ नये.

मोडी वाचणारे आणि जंत्री (मित्या आणि तारखांचे कोष्टक) पाहून मित्या लावणारे जाणकार पुण्यात आजही आहेत. स्कॅनिंगच्या निविदा काढतानाच त्यांच्याकडून नोंदी तपासून घेण्याचा खर्च त्यात धरावा आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक नोंदीपुढे ‘तारीख तपासलेली नाही’ एवढे तरी छापावे, अशी संबंधित संस्थांना विनंती आहे.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे