उपग्रहाला आग दिसते, जाळरेषा दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला वणवे आणि उपग्रह यांवरचा लेख (वणव्याआधी केलेल्या साफसफाईचा उपयोग किती, हे उपग्रहावरून मोजण्याबद्दलचा) दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘इंधन उपचार’ हा शब्द (इंग्रजीतल्या ‘फ्युएल ट्रीटमेंट’चं शब्दशः भाषांतर) लेखात अकरा वेळा आला आहे (मोजला, निवृत्त माणसाकडे वेळ असतो) आणि अकराव्या वेळीही माझ्या डोळ्यांसमोर आधी पेट्रोल पंप आला आणि मग दवाखाना. अहो, जंगलात जे जळतं त्याला पाचोळा म्हणतात, वाळलं गवत म्हणतात, काडीकचरा म्हणतात. वणव्याच्या आधी ते हटवण्याच्या कामालाही शब्द आहेत: जाळरेषा काढणे (म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून हंगामाआधीच एक पट्टी जाळून साफ करणे), विरळणी करणे, पाचोळा झाडणे. इंग्रजांच्या काळापासून हे काम चालू आहे. शब्द ठाऊक नव्हता तर एखाद्या वनमजुराला फोन करायचा होता. आमचे वनमजूर मराठीच बोलतात.

असो. लेखातल्या अमेरिकेबद्दल माझी तक्रार नाही. २०२१ च्या जुलैत ओरेगॉनमध्ये बूटलेग वणव्याने ४ लाख १३ हजार एकर जंगल खाल्लं. त्यात जिथे आधी झाडं विरळ करून नंतर मुद्दाम जाळून जमीन साफ केली होती, तिथे शेंड्यांवरून पळणारी आग खाली जमिनीवर उतरली. जिथे नुसती विरळणी करून पुढचं जाळणं राहून गेलं होतं, तिथे तेवढा फायदा झाला नाही. हे मला पटतं. झाड तोडून फांद्या तिथेच टाकल्या तर तुम्ही आगीचं ताट वाढूनच ठेवलेलं असतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरगंही सांगेल. आणि कॅलिफोर्नियाच्या सूचिपर्णी जंगलांचा २०२३ चा अभ्यासही पटतो: वीस वर्षांच्या उपग्रह नोंदी तपासून त्यांनी दाखवलं की हलकी आग होऊन गेलेल्या ठिकाणी भडक्या वणव्याची जोखीम सुमारे ६४ टक्क्यांनी कमी होते आणि हा परिणाम किमान सहा वर्षं टिकतो.

माझं भांडण शेवटच्या एका वाक्याशी आहे. ‘महाराष्ट्रानेही उपग्रहाच्या मदतीने आपल्या उपाययोजनांचे मूल्यमापन करावे.’ एवढं लिहून लेखक मोकळे झाले. माझं मूल्यमापन उपग्रहाने एकदा केलेलं आहे. ते सांगतो.

मी चंद्रपूर जिल्ह्यात वनपाल होतो. २०१९ ची गोष्ट. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो, त्याआधी जाळरेषा संपवायच्या असतात. दोन कक्षांच्या (म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यांच्या) मधली सहा मीटर रुंदीची रेषा आमच्याकडे होती. आधी दोन्ही कडा झाडून घेतल्या, मधलं गवत कापून वाळवलं. पेटवायच्या दिवशी सकाळी दव इतकं पडलं होतं की काडी लावली तर नुसता धूर. अकरा वाजता कुठे पेट घेतला. सात माणसं, हातात पळसाच्या ओल्या फांद्या, दोन्ही कडांना उभी. वारा पडलेला. एक वनमजूर पुढे पेटवत जाई आणि मागे बाकीचे ज्वाळा रेषेबाहेर जाऊ देत नव्हते. तीन वाजेपर्यंत काळी पट्टी तयार. एक ठिणगी बाहेर गेली नाही. संध्याकाळी मी नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: काम पूर्ण.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मोबाइलवर आगीचा इशारा. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांवरून असे इशारे देत आलं आहे, चांगली गोष्ट आहे. त्यातला एक उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. आम्ही नेमके तेव्हा पेटवत होतो. त्याने बरोबर टिपलं. पण त्याचा एक ठिपका म्हणजे पावणेचारशे मीटर लांब-रुंद चौकोन, सुमारे चौदा हेक्टर. आणि इशाऱ्यात येतो तो त्या चौकोनाचा मध्यबिंदू, आगीची खरी जागा नव्हे. आमचा मध्यबिंदू पडला शेजारच्या कक्षात, जिथे त्या वर्षी कसलीच जाळरेषा मंजूर नव्हती. झालं. ‘आपल्या कार्यक्षेत्रात अनधिकृत आग लागल्याचे निदर्शनास आले असून सदर बाब वेळीच न कळविल्याबद्दल आपणाविरुद्ध कार्यवाही का करू नये.’ कारणे दाखवा, तीन दिवसांत.

मी कारणं दाखवली. नकाशा जोडला, मजुरांची हजेरी जोडली, काळ्या पट्टीचे फोटो जोडले. सही-शिक्क्याची पोच अजून माझ्या ट्रंकेत आहे. उत्तर आलेलं नाही. मी २०२१ मध्ये निवृत्त झालो, तेव्हाही ते आलेलं नव्हतं.

आता पुढचं ऐका, कारण लेखाशी संबंध इथे आहे. मार्चमध्ये सागवानाने पानं टाकली. सागाचं एक पान जेवायच्या ताटाएवढं असतं, आणि अशी हजारो पानं आमच्या साफ रेषेवर येऊन पडली. गुडघ्याला नाही तरी घोट्याच्या वर पाचोळा. तो झाडायला मजूर लागतात आणि मजुरांना पैसे लागतात. ते मार्चअखेरीच्या गडबडीत कुठेतरी अडकले. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी साडेसहाला मोहाच्या झाडाखाली कोणीतरी काडी लावली. फुलं वेचायला जमीन साफ हवी असते, त्यात नवल काही नाही. आग सुटली, आमच्या जाळरेषेवरून आरामात चालत पलीकडे गेली आणि मागच्या पावसाळ्यातलं रोपवन घेऊन बसली. आम्ही नऊ-साडेनऊला विझवली. उपग्रह दुपारी दीडला येऊन गेला होता, दुसरा रात्री साडेदहाच्या सुमारास आला. मधल्या वेळात जे झालं ते त्यांनी पाहिलंच नाही. इशारा नाही, म्हणजे आग नाही, म्हणजे नोटीसही नाही. माझा अहवाल मात्र होता, हाताने लिहिलेला. तो कोणत्या कपाटात आहे ते देवाला माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राखेतून फिरलो. रानकोंबडीचं घरटं होतं, चार अंडी. एक हातात घेतलं, फुटलं, आत पूर्ण शिजलेलं. वर साग जसेच्या तसे उभे, बुंध्याला जरा काळं. विमानातून पाहिलं असतं तर काहीच झालं नाही असं वाटलं असतं.

आता एखाद्या संशोधकाने उपग्रहाची नोंद आणि माझी नोंदवही शेजारी शेजारी ठेवली तर काय निष्कर्ष काढेल? फेब्रुवारीत: जाळरेषा काढली आणि आग लागली, म्हणजे जाळरेषेमुळे आगी लागतात. एप्रिलमध्ये: जाळरेषा होती आणि आग लागली नाही, म्हणजे शंभर टक्के यश. दोन्ही निष्कर्ष आकड्यांवर आधारलेले, दोन्ही साफ खोटे. आणि दोन्हींवर शोधनिबंध छापून येईल, तक्त्यांसकट.

मी उपग्रहाच्या विरोधात आहे असं कृपया छापू नका. मागे एकदा माझ्या पत्राला तुम्ही असंच भलतं शीर्षक दिलं होतं. माझं म्हणणं इतकंच आहे की तिकडचं गणित इकडे उचलून आणताना झाडं बघा. तिकडे पाइन. आग शेंड्यापर्यंत गेली की झाड मरतं, हिरवं काळं होतं, आणि आगीआधीचं व नंतरचं चित्र वजा केलं की किती जळलं ते स्पष्ट दिसतं. आपला साग फेब्रुवारी-मार्चमध्ये आपणहून पानं टाकतो. जानेवारीचं चित्र एप्रिलच्या चित्रातून वजा करा, न जळलेलं जंगलही अर्धं जळल्यासारखं दिसेल. आणि खरी आग वरच्या फांद्यांखालून सरपटत जाते, ती वरून दिसणार कशी? पहिल्या पावसात सगळं पुन्हा हिरवं. तिकडे हलक्या आगीचा परिणाम सहा वर्षं टिकतो, आमच्याकडे जाळून साफ केलेल्या रेषेचा सहा आठवडे. हा फरक लेखात यायला हवा होता.

दुसरं, तिकडच्या वनखात्याकडे कुठल्या तुकड्यात कोणत्या साली विरळणी केली, कधी जाळलं, याची नकाशासकट नोंद एका जागी असते. म्हणून उपग्रहाचं चित्र कशाशी ताडून बघायचं हे संशोधकाला कळतं. आमच्याकडे ती नोंद मोजमाप पुस्तकात, व्हाउचरवर आणि बीट गार्डच्या (जंगलाचा ठरावीक भाग सांभाळणाऱ्या वनरक्षकाच्या) डोक्यात. इशारे देणाऱ्यापेक्षा बारीक चित्रं काढणारा उपग्रह घेतला तरी सहा मीटरची रेषा त्याच्या तीस मीटरच्या ठिपक्यात दिसत नसते. ती कुठे आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत साफ होती हे माणसालाच सांगावं लागतं. पाचोळा पुन्हा साठला ही तारीख तर कोणत्याच रकान्यात नाही. मी एकदा शेऱ्यात लिहिली होती, तर ‘अनावश्यक मजकूर’ म्हणून लाल शाईने गोल केला गेला.

आणि खरोखर अभ्यासच करायचा असेल तर अमेरिकेपर्यंत कशाला जाता, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला या. सामूहिक वनहक्क (गावाने आपलं जंगल स्वतः सांभाळायचा कायदेशीर हक्क) मिळाल्यावर या गावाने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. भरपूर छाटणी होते आणि नव्या कोवळ्या पानांसाठी जंगल पेटवलं जातं, म्हणून. पैशाची गोष्ट होती, तरी सोडली. आता त्या गावाची हद्द नकाशावर घ्या, आतल्या आणि बाहेरच्या जंगलातले दहा-पंधरा वर्षांचे आगीचे ठिपके मोजा, मधला फरक काय येतो बघा. मी स्वतः मोजलेलं नाही, त्यामुळे निकाल सांगत नाही. पण तुमच्या लेखात एक परिच्छेद यासाठी असता तर मी हे पत्र लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. तिथे पाचोळा हटवला नाही, काडी लावणारा हात थांबवला. त्याला ‘इंधन उपचार’ म्हणायचं की काय, ते लेखकाने ठरवावं.

या वर्षीही हंगामात मोबाइलवर इशारे येतील, बीट गार्ड मोटारसायकल काढून पळतील, आणि त्यातले काही स्वतःच पेटवलेली रेषा तपासायला पळतील. त्यांच्या पेट्रोलचं बिल कधी मंजूर होतं ते विचारायला लेखकाला एकदा सांगा. ‘इंधना’वरचा तो खरा लेख होईल.

आपला,
एक निवृत्त वनपाल
जि. चंद्रपूर

ता. क. लेखासोबतचा फोटो पाइनच्या जंगलाचा आहे आणि खाली ‘संग्रहित छायाचित्र’ एवढंच लिहिलं आहे. माझ्या नातवाने तो फोटो ताडोबाचा म्हणून शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत चिकटवला. काढून टाक म्हटलं तर म्हणतो, पेपरमध्ये आलंय आजोबा. आता त्याला तुम्हीच समजवा. आणि पेपर आमच्याकडे अकराच्या आधी येत नाही, हे मी तिसऱ्यांदा लिहितो आहे.