कचऱ्याच्या शेडसाठी विटा, पत्रे, पाचट आणि श्रमदान : ग्रामपंचायतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, सोसायट्यांमधील रहिवासी, वीटभट्टीचालक आणि ऊस बागायतदार यांस,

गावातल्या ओल्या कचऱ्याचे खत करण्यासाठी हौदांची शेड बांधायची आहे. 2011 च्या जनगणनेत आपले गाव अठराशे लोकसंख्येचे होते. आज गावठाण, वाड्या आणि नव्या सोसायट्या धरून आपण चार हजारांच्या आसपास आहोत. मंजूर नकाशांतल्या सदनिका भरल्या की हा आकडा दुप्पट होईल. सरकारी हिशोबात मात्र अजून 2011 चीच जनगणना. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत मिळतात. अठराशेंच्या हिशोबाने ते होतात 1 लाख 8 हजार. तेवढ्यात फरशीचा कोबा आणि निचऱ्याची नाली कशीबशी होईल. उरलेल्यासाठी हे आवाहन.

माणशी रोजचा 300 ग्रॅम कचरा धरला तर आजच 1200 किलो होतो, आणि त्यातला निम्मा ओला. 600 किलो ओल्या कचऱ्यात तेवढ्याच घनफळाचा सुका पाला मिसळला की रोज सुमारे दोन घनमीटर माल तयार होतो. 3 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 1 मीटर उंच असा एक हौद सव्वादोन दिवसांत भरतो. भरल्यापासून खत चाळायला येईपर्यंत साठ दिवस लागतात, म्हणून 27 हौद, आणि पलटी मारायला, म्हणजे माल उलथवून वरखाली करायला, एक कायम रिकामा. हे 28 हौद दोन रांगांत, मध्ये तीन मीटरची वाट ठेवून बांधले की शेड दोन गुंठ्यांची होते. स्मशानभूमीमागे पंचायतीची आठ गुंठे जागा आहे. पुढच्या 28 हौदांची जागा तिथे आजच आखून ठेवणार आहोत, नाहीतर पाच वर्षांनी पुन्हा जागा शोधत फिरावे लागेल आणि तेव्हा ती मिळणार नाही.

पाहिजे ते असे : सहा हजार विटा (भिंती जाळीदार आणि सामाईक, पुढून काढता येणाऱ्या फळ्या), बारा फुटी सत्तर पत्रे, आणि पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला बारीक करायला एक कडबाकुट्टी यंत्र. जुने पत्रे चालतील, भोके पडलेले नकोत. छप्पर मे अखेर चढले पाहिजे. उघड्या ढिगावर पहिला पाऊस पडला की हवा खेळायची थांबते, ढीग सडतो, काळे पाणी ओढ्याला लागते आणि मग खतही नको आणि शेडही नको अशी ओरड सुरू होते. उरुळी देवाची-फुरसुंगीने पुणे शहराच्या उघड्या कचरा डेपोपायी काय सोसले, ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

विटांपेक्षा पाचट महत्त्वाचे, हे आवर्जून सांगतो. नुसता ओला कचरा टाकला की दुर्गंधी येणारच. एक पाटी ओल्याला एक पाटी कुट्टी केलेले पाचट, वर पातळ शेणकाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात खुपसलेली पहार बाहेर काढून हातात धरवली नाही, म्हणजे काम बरोबर चालले आहे. पहार कोमट लागली तर मूठभर माल दाबून पाहायचा. पाण्याची धार लागली तर पाचट वाढवा, मूठ उघडताच माल भुसभुशीत सुटला तर पाणी शिंपडा. दर आठ-दहा दिवसांनी पलटी. आजच्या कचऱ्यालाच तीन-चार दिवसांना एक ट्रॉली पाचट लागेल. तेव्हा बागायतदारांनी ते जाळू नये, निरोप द्यावा, पंचायतीचा ट्रॅक्टर बांधावर येईल.

मोठ्या सोसायट्यांना एक स्पष्ट सांगणे. 2016 च्या घनकचरा नियमांनीच 5000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारातला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले होते. तुम्ही ते केलेत तर निम्मे हौद मोकळे राहतील, आणि देणगीपेक्षा ती मदत मोठी. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळेच द्या. एका पिशवीपायी अख्खा हौद हाताने निवडावा लागतो, आणि तो निवडणारी माणसे आपल्याच गावातली आहेत.

श्रमदान दर रविवारी सकाळी सात ते दहा, घमेले-फावडे घरून आणावे. गवंडीकाम येणाऱ्यांची गरज जास्त. वस्तू ग्रामपंचायत कार्यालयात नोंदवूनच द्याव्यात. रोख रक्कम कोणाही सदस्याच्या हातात देऊ नये. कार्यालयात भरून नमुना 7 ची पावती घ्यावी. आलेल्या प्रत्येक विटेचा आणि रुपयाचा हिशोब दर महिन्याला फलकावर लागेल.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व घनकचरा समिती