कोणत्या शतकातली संस्कृती, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

शाळेत लैंगिकता शिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते : ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही.’ २००७ साली किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम राज्याने थांबवला, तेव्हाही सूर हाच होता. ही ‘आपली संस्कृती’ नेमकी कोणत्या शतकातली, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो आहोत, कारण सहावीच्या वर्गात काय शिकवायचे ते या उत्तरावर अडून बसले आहे.

पैठणच्या सातवाहनांपासून पाहू. हाल राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तल्या सातशे गाथा महाराष्ट्री प्राकृतात आहेत, म्हणजे मराठीच्या पणजीच्या भाषेत. त्यांतल्या कितीतरी बाईच्या तोंडी आहेत आणि ती बाई आपली इच्छा, रुसवा, चोरून झालेली भेट हे सगळे आडपडदा न ठेवता बोलते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलेली लज्जागौरी विवस्त्र, मांड्या फाकवून बसलेली आणि तरीही पूजेची देवता. लाज आहे ती फक्त तिच्या नावात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात सात अधिकरणे, म्हणजे भाग, आहेत आणि प्रत्यक्ष संभोगाचे त्यांतले एकच. बायकांनीही हे शास्त्र शिकावे, असे तो पहिल्याच अधिकरणात सांगतो.

पण म्हणून पूर्वी सगळे मोकळेढाकळे होते, असेही कोणी आपल्याला सांगू नये. शृंगारिक लावणी ऐकणारा पेशवाईतला पुरुष घरातल्या विधवेचे केशवपन करवत होता. मोकळेपणा कोणाच्या वाट्याला येणार आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे जात आणि लिंग ठरवत होते. देवीला मुली सोडण्याची प्रथा रोखायला कायदा १९३४ साली झाला आणि २००५ साली पुन्हा करावा लागला.

वयाचा प्रश्न घेतला की गुंता जास्तच स्पष्ट दिसतो. मनुस्मृती ३० वर्षांच्या पुरुषाला १२ वर्षांची आणि २४ वर्षांच्या पुरुषाला ८ वर्षांची वधू सांगते. सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान बजावते की मुलगी १६च्या आतली आणि पुरुष २५च्या आतला असेल, तर गर्भ पोटातच दगावतो. जन्मलाच तर फार जगत नाही, जगला तर दुबळा राहतो. दोन्ही ग्रंथ आपलेच. उच्चवर्णीय घरांत चालले ते मनूचे. मुलीला न्हाण आले, म्हणजे पहिली पाळी आली, की तिला मखरात बसवत, गाणी म्हणत, आळीभर बातमी जाई. आज जी गोष्ट काळ्या पिशवीत गुंडाळून दुकानातून आणली जाते, तिचा तेव्हा सोहळा होता. मात्र त्या सोहळ्यापाठोपाठ सोळा रात्रींच्या आत गर्भाधान, आणि मुलगी अनेकदा अकरा-बारा वर्षांची.

भारतीय दंडसंहितेने १८६० साली संमतीचे वय १० ठरवले होते. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मरण पावली आणि पुढच्या वर्षी ते वय १२ झाले. लोकमान्य टिळकांनी या कायद्याला विरोध केला, परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून. डॉ. रा. गो. भांडारकरांनी शास्त्राच्याच आधाराने दाखवून दिले की गर्भाधान पुढे ढकलल्याने धर्म बुडत नाही. दोघेही महाराष्ट्राचे, दोघेही संस्कृतचे पंडित! त्याआधी १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने, बालपणी झालेल्या लग्नात नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असे सांगितले होते. आज संमतीचे वय १८ आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न १८च्या आत झालेले होते.

ज्या मौनाला आपण परंपरा म्हणतो, त्याचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकातल्या विलायतेतून आला आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ कलम १८६२ साली ब्रिटिशांनी लागू केले. इंग्लंडने स्वतःच्या घरातला तसा कायदा १९६७ साली सैल केला. आपल्याला त्यातून सुटायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. तृतीयपंथीयांची पोलिसांत नोंद ठेवायला लावणारा कायदाही ब्रिटिशांचाच, १८७१चा. विलायत तरी एका जागी कुठे थांबली? शाळेत लैंगिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या स्वीडनचे (१९५५) नाव आपल्याकडे धाकासारखे घेतले जाते. त्याच स्वीडनमध्ये १९३८ पर्यंत गर्भनिरोधनाची जाहीर माहिती देणे गुन्हा होता.

आपल्याकडे ते काम र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढून सुरू केले. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. १९३४ साली त्यांच्यावर झालेल्या अश्लीलतेच्या खटल्याचे मूळ मासिकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हे होते. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. मंत्रिमहोदय, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, हा कर्व्यांच्या काळातला प्रश्न आजही आठवीतला मुलगा चिठ्ठीवर लिहून देतो. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, या समजुतीवर एसटी स्टँडबाहेरच्या भिंती रंगवणाऱ्यांचे पोट चालते. गंमत म्हणजे अठराव्या शतकातला स्विस डॉक्टर तिसो हाही चाळीसचाच हिशेब सांगत असे. आपण अजून ‘स्वप्नदोष’ म्हणतो. ज्यात दोष काहीच नाही, त्याच्या नावातच दोष.

आता वर्गाकडे येऊ, कारण गाडी अडते ती तिथे. प्रजननाचा सविस्तर पाठ दहावीच्या विज्ञानात येतो, मुले पंधरा वर्षांची झाल्यावर. बहुतेक मुलींची पाळी त्याच्या दोन-तीन वर्षे आधीच सुरू झालेली असते. तो पाठही ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून दिला जातो. कुठे वर्षातून एक व्याख्यान होते : मुली सभागृहात, मुले मैदानावर. मग पाळी म्हणजे टिंगलीचा विषय, हे मुलगे मैदानावरच शिकतात.

आमची मागणी अशी. सहावीपासून दरवर्षी ३५ मिनिटांच्या आठ तासिका, पहिल्या सत्रात, वेळापत्रकात छापलेल्या. सहावीत शरीराचे बदल, मुला-मुलींना एकत्र. शिश्न, वृषण, योनी, गर्भाशय हे शब्द सरळ वापरून. ‘तिथे’ किंवा ‘शूची जागा’ एवढेच शब्द असलेल्या मुलाला आपल्याशी काय झाले ते पोलिसांना सांगता येत नाही. आठवीत संमती, नकार, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी. नववी-दहावीत गर्भनिरोधन, एचआयव्ही आणि लैंगिक कल वेगवेगळे असतात ही साधी वस्तुस्थिती.

प्रत्येक घटकानंतर प्रश्नपेटी हवी. तिचे नियम ढिले पडले की ती फसते. सगळ्यांना एकाच मापाच्या चिठ्ठ्या, सगळ्यांनी पेन्सिलीनेच लिहायचे. ज्याला प्रश्न नाही त्याने एखादी म्हण लिहून टाकायची, म्हणजे कोण लिहितो ते उघडे पडत नाही. चिठ्ठ्या वर्गात उघडायच्या नाहीत. शिक्षकाने त्यांचे तीन गठ्ठे करायचे : लगेच उत्तर देण्याजोगे, डॉक्टरांना विचारून द्यायचे आणि धोक्याची खूण असलेले. तिसऱ्या गठ्ठ्यासाठी पोक्सोचे १९वे कलम प्रत्येक शिक्षकाला माहीत हवे, कारण अत्याचाराची शंका आली तरी कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. पेटी उघडण्याआधीच मुलांना हे स्पष्ट सांगायचे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊन नंतर मोडणारा शिक्षक त्या वर्गाचा विश्वास कायमचा गमावतो. ज्याला स्वतंत्र बोलायचे आहे त्याला सरकारी रुग्णालयातल्या, किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकचा पत्ता आणि वार फळ्यावर लिहून द्यावा.

पालकसभा तासिकांच्या दोन आठवडे आधी घ्यावी आणि छापील पाने जशीच्या तशी त्यांच्या हाती द्यावीत. संदर्भ सोडून एकच चित्र हातोहात फिरले की गदारोळ होतो. सगळी पाने ज्याने आधी पाहिली आहेत, तो त्या एका चित्राने बिथरत नाही.

आणि इतिहासाची एक तासिका नववीत द्यावी. हालाची एक गाथा, मनूचा श्लोक, सुश्रुताचा श्लोक आणि १८९१चा संमतिवयाचा कायदा, असे चार कागद प्रत्येक गटाला द्यायचे आणि विचारायचे : यातले कोणते ‘आपले’?

अभ्यासक्रमाचा मसुदा हरकतींसाठी जाहीर होईल तेव्हा ‘संस्कृतीत बसत नाही’ अशा हरकती येतील. प्रत्येक हरकतीसोबत ती कोणत्या शतकाच्या आधाराने घेतली आहे, एवढा एक रकाना अर्जात छापावा, ही विनंती.

आपले,
लैंगिकता शिक्षणाचे काम करणारे शिक्षक, डॉक्टर आणि समुपदेशक