विषय: आवारातले बाक उचलून माझी तक्रार निकाली काढल्याबद्दल

प्रति,
देखभाल व्यवस्थापक

आत्ताच तुमच्या हेल्पडेस्कचा फोन ठेवला, म्हणून हे लेखी.

या ऑफिस-संकुलाच्या आवारात कारंज्यासमोर लोकांना बसायला बाक होते; तिथे घडलेल्या प्रकाराची तक्रार मी तुमच्याकडे नोंदवली होती. तक्रार सुरक्षारक्षकाच्या वागण्याची होती. माझ्या एक अशील, निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या, कारंज्यासमोर जरा टेकल्या. "पास दाखवा, नाहीतर उठा," म्हणत भर उन्हात त्यांना उठवलं. त्यावर तुम्ही त्या रक्षकाला समज द्याल, ही माझी अपेक्षा. तुम्ही बाकच नेलेत! वर मेसेज: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कृपया पाच स्टार द्या.'

आजचा संवाद जसाच्या तसा देते.

"मॅडम, आता कुणाला उठवायचा प्रश्नच येणार नाही."

"मग लोकांनी बसायचं कुठे?"

"खाली कॅफे आहे ना."

"कॉफी घ्यावी लागेल?"

"मिनिमम ऑर्डर असते, मॅडम."

"कॉफी नको असेल तर?"

मग मला होल्डवर टाकलं. तुमची ती जाहिरातीची धून, 'पुण्याच्या मध्यवस्तीतला खुला चौक' वगैरे, दोनदा पूर्ण ऐकवली. नंतर उत्तर आलं: "सिनियरना विचारलं. उभं राहायला कुणाला मनाई नाहीये."

मनाई नाही! केवढे उपकार. श्वास घ्यायलाही पास लागणार असेल तर आधी कळवा, अशिलांना तसं सांगून ठेवते.

परत सांगते, तक्रार बाकांची नव्हती, माणसाला उठवल्याची होती.

बाकांच्या जागी आता गाड्या लावून देणाऱ्या व्हॅलेचा स्टँड आणि साहेबांच्या गाड्या. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत 0.4 हेक्टर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती गाड्यांसाठी नसते. रॅम्पवर कुंड्या मांडल्यात, तेही बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोक कामाला येतात ती खासगी इमारतही त्यात येते.

जंगली महाराज रस्त्यावर महापालिकेने फुटपाथ रुंद करून बाक टाकले, तिथे कुणी पास विचारत नाही. ज्या महापालिकेला आपण सगळे उठताबसता नावं ठेवतो, तिच्यापुढे तुमचा इटालियन संगमरवर उघडा पडतोय. तुमचं नाव बघून मी इथे ऑफिस घेतलं होतं.

दर महिन्याच्या देखभाल बिलात 'लँडस्केप व सार्वजनिक जागा' अशी स्वतंत्र ओळ आहे, त्यावर 18 टक्के जीएसटी. बाक गेले, ओळ तशीच. माझ्यासारख्या करसल्लागाराला असलं बिल पाठवताना निदान एकदा वाचून तरी बघायचं.

आठ दिवसांत बाक परत लावा, रॅम्प मोकळा करा आणि त्या बाईंना माफीचं पत्र पाठवा, हेल्पडेस्कच्या सहीचं नव्हे, तुमच्या. नाहीतर मंजूर नकाशाच्या प्रतीसाठी महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकते. मोकळी जागा म्हणून कुठे काय रंगवलंय, ते मग इथले सगळे गाळेधारक मिळून बघू. तोवर ती ओळ वजा करूनच बिल भरलं जाईल.

चौथ्या मजल्यावरील कार्यालयधारक

ता. क. पाच स्टारचे मेसेज अजून येतायत. ते तरी थांबवा.