चार हुतात्मा चौकातल्या त्या दोघांचे मनापासून आभार

यंदाच्या १२ जानेवारीला सकाळी मी एकटाच सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात गेलो होतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे दरवर्षी जाणं होतंच. मला दिसत नाही, हातात पांढरी काठी असते.

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस, गर्दी भरपूर. एका भल्या माणसाने न विचारताच दंड धरून मला रस्त्यापलीकडे नेलं. मला पलीकडे जायचंच नव्हतं. थोड्या वेळाने कुणीतरी तळहातावर नाणं ठेवून निघून गेलं. दोघांच्या मनात दयाच होती, हे मला कळतं. तरी ते नाणं हातात जड झालं.

तेवढ्यात एक मुलगी समोर येऊन म्हणाली, "काका, नमस्कार. मदत हवीय का? की थांबायचंय?" पुतळ्यांपाशी जायचंय म्हटल्यावर तिने हात ओढला नाही, आपलं कोपर पुढे केलं. मी ते धरलं आणि अर्धं पाऊल मागून चाललो. "पायरी आहे, वर," एवढंच ती बोलली. परतताना रिक्षावाल्या दादांनीही पत्ता मलाच विचारला, शेजारच्याला नाही. उरलेले पैसे नोटा एकेक सांगत हातात दिले.

ताई, दादा, नाव विचारायचं राहून गेलं. तुम्ही आधी विचारलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या १२ जानेवारीला मी तिथेच असेन, भेटलात तर हाक मारा.