दीव ‘उरकायचे’ नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सौराष्ट्र सहलीवरचा लेख वाचला. सोमनाथला एक दिवस, सासणच्या सिंहांना दीड दिवस आणि दीव ‘जाता जाता अर्ध्या दिवसात उरकता येते’, असा त्यातला हिशेब. आधी दोन दुरुस्त्या करतो, पुण्यात राहत असल्यामुळे त्याला इलाज नाही. दीव गुजरातला लागून आहे, गुजरातमध्ये नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज गेले. त्यानंतर १९८७ पर्यंत ते गोव्याबरोबर एकाच केंद्रशासित प्रदेशात होते, आणि २०२० पासून दमणसह दादरा-नगर हवेलीशी जोडलेले आहे. दुसरे म्हणजे, आपण छापलेला घोघल्याचा किनारा दीव बेटावरचा नाहीच. तो पूल ओलांडून पलीकडे, मुख्य भूमीवर येतो.

आता मुद्दा. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे (वय ६६ आणि ६३) दीवला चार दिवस राहिलो आणि बेट सायकलने पाहिले. बेट जेमतेम ४० चौरस किलोमीटरचे. पूर्वेच्या टोकाला किल्ला, पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचे गाव, आणि मध्ये डोंगर म्हणावा असे काही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्त्याने पंधराएक किलोमीटर. सायकलसाठी याहून नेमक्या मापाची जागा मी पाहिलेली नाही.

सायकल मिळवायला मात्र कष्ट पडले. तिथे जो तो स्कूटरच पुढे करतो. “काका, स्कूटी लई लो ने!” असे तीन दुकानांत ऐकल्यावर चौथ्या दुकानात मागच्या बाजूला दोन सायकली निघाल्या. खाऱ्या हवेने चेन गंजलेली, सीट जाम, एकीचा मागचा ब्रेक नावापुरता. मी खडकीच्या कारखान्यात सत्तावीस वर्षे सायकलने गेलेला माणूस. पान्हा आणि तेलाची बुधली मागून घेतली आणि तासाभरात दोन्ही चालत्या केल्या. दुकानदाराने भाडे कमी केले नाही, चहा पाजला.

सपाट बेट म्हणजे सोपे, हा माझा समज पहिल्याच दुपारी गेला. साडेतीनला नागोआच्या किनाऱ्याकडे निघालो. अंतर सातच किलोमीटर, पण वारा थेट छातीवर. कात्रजच्या घाटाला निदान माथा तरी आहे, चढ संपला की पाय मोकळे होतात. समोरच्या वाऱ्याला माथा नसतो. सौ. एक अक्षर बोलली नाही, यावरून काय ते ओळखावे. परतताना मात्र तोच वारा पाठीशी आला आणि पायडल न मारता सायकली पळू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारी पूर्वेकडे, असा नेम ठेवला.

गाडीतून जे दिसत नाही ते या वेगाला दिसते. रस्त्याकडेची होका नावाची ताडासारखी झाडे घ्या. ताड-माड सरळसोट वाढतात, याला मात्र फांद्या फुटतात. पोर्तुगीजांनी ती आफ्रिकेतून आणली असे तिथे सांगतात. दक्षिणेच्या बाजूला खडकाळ किनारा आणि फुदमजवळ लाटांनी धुतली जाणारी गंगेश्वराची पाच शिवलिंगे. उत्तरेच्या बाजूला खाडी, चिखल, मिठागरे आणि पक्षी. दोन बाजू इतक्या वेगळ्या की एकाच बेटावर आहोत हे विसरायला होते. नायडाच्या गुहांतून किल्ल्यासाठी दगड काढला म्हणतात. आत छिन्नीने कापलेल्या चौकोनी भिंती आहेत आणि वरच्या भोकांतून ऊन उतरते. सहलीची बस तिथे वीस मिनिटे थांबते. आम्ही दोनदा गेलो, कारण दहा आणि चारचे ऊन निराळे पडते.

चक्रतीर्थाजवळ ‘आयएनएस खुकरी’चे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. काचेच्या पेटीत नौकेची प्रतिकृती आहे. आम्ही सायकली कठड्याला टेकवून बसलो होतो तेवढ्यात तीन गाड्या आल्या, फोटो काढून निघून गेल्या. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या कागदावर पुढे किल्ला, चर्च आणि जेवण होते.

वणाकबाऱ्यात लाकडी होड्या बांधताना आणि दुरुस्त करताना पाहत अर्धी सकाळ गेली. सुक्या मासळीच्या वासाची तयारी ठेवावी. सौ. शाकाहारी, तिने पदर नाकाला लावला, पण निघायचे नाव तीच काढेना.

एक सावधगिरीची सूचना. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी रस्त्यावर काय चालते ते सांगायला नको. सायकलवाल्याने सोमवार ते गुरुवार जावे आणि अंधार पडायच्या आत खोलीवर यावे.

पुण्यात मी सायकल सोडून बारा वर्षे झाली. आमच्या घराजवळच्या सायकल मार्गावर सध्या दोन चारचाकी, एक वडापावची गाडी आणि महिन्यापूर्वी उतरवलेली खडी आहे. त्यावर स्वतंत्र पत्र पाठवीन.

तूर्त एवढेच. तो लेख पुन्हा छापाल तेव्हा ‘कसे जावे’च्या चौकटीत सायकलीची एक ओळ घाला: निघण्यापूर्वी चेनला तेल द्या, सकाळी पश्चिमेला जा आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन परत या.

आपला जुना वाचक,
सहकारनगर, पुणे