बोलोन्याला येण्यापूर्वी: नाराजी कशी सांगावी

बोलोन्या, रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटे पक्की झाल्याचे कळले, फार आनंद झाला. बाबांनी फोनवर विचारले होते की तिथल्या हॉटेलात एखादी गोष्ट मनासारखी नसली तर इटालियनमध्ये काय सांगायचे. जेवण बिघडले की थेट मॅनेजरला बोलावणारे बाबा मला ठाऊक असल्यामुळे याचे उत्तर लेखीच द्यावे असे वाटले.

बाबा, शब्दकोशात निराशेसाठी जो शब्द सापडेल तो उचलू नका. ‘सोनो देलूझो’, म्हणजे ‘माझी निराशा झाली आहे’, हे वाक्य व्याकरणाला धरून असले तरी निवलेल्या सूपासाठी फार जड पडते. जवळच्या माणसाने शब्द मोडला तर ते शोभेल. इथली रीत अशी की समोरच्याच्या कामाला नावे न ठेवता आपण काय धरून चाललो होतो तेवढेच सांगायचे, आणि तेही भूतकाळात. वाढपी येऊन ‘तुत्तो बेने?’, म्हणजे सगळे ठीक ना, असे विचारील, तेव्हा म्हणा: ‘मी स्कूझी, स्पेरावो फोस्से उन पो प्यू काल्दो.’ माफ करा, जरा जास्त गरम असेल अशी आशा होती. आपणही पाहुणे म्हणून गेल्यावर ‘असेल असे वाटले होते’ असेच बोलतो, त्यामुळे तुम्हाला हे अवघड जाऊ नये. ‘उन पो’, म्हणजे ‘थोडेसे’, मात्र गाळू नका. वाक्याचा सगळा मऊपणा त्यात आहे.

‘मी स्कूझी’ हे अनोळखी माणसाशी आदराने बोलण्याचे रूप आहे. नुसते ‘स्कूझा’ म्हटले तर ते अरे-तुरे होते. अशा आदराच्या बोलण्यात ‘तुम्ही’साठी ‘लेई’ हे सर्वनाम असते. या ‘लेई’वर मुसोलिनीच्या राजवटीने 1938 साली बंदी आणून त्याजागी ‘वोई’ हे दुसरे सर्वनाम रूढ करण्याचा खटाटोप केला होता, पण राजवट गेली आणि ‘लेई’ टिकले. बाबांना इतिहासाची आवड, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आई, तुला एवढे मोठे वाक्य पाठ करायची गरज नाही. पदार्थ आवडला का असे कोणी विचारले आणि तो बेताचाच वाटला असेल, तर ‘इन्सोम्मा’ हा एक शब्द जरा लांबवून म्हण; तू भाजी चाखून ‘हं, ठीक आहे’ म्हणतेस तोच सूर. समोरचा काय ते समजतो आणि कोणाचा अपमानही होत नाही. ओळखीच्या माणसांत तर याहून सोपे असते. मध्यंतरी कचेरीतल्या एका मैत्रिणीने ऐनवेळी जेवणाचा बेत रद्द केला, तेव्हा मी तिला ‘पेक्कातो, चि तेनेवो तान्तो’ एवढेच लिहून पाठवले. वाईट वाटले, मला फार यायचे होते, असा त्याचा भाव. तिने लगेच दुसरा दिवस सुचवला. तिथे मी ‘तू मला निराश केलेस’ असे लिहिले असते, तर ती आधी स्वतःची बाजू मांडत बसली असती.

दोन गोष्टींबद्दल मात्र नाराजी दाखवू नका. पास्ता दाताखाली किंचित कडक लागेल, तो कच्चा नसतो; आणि बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडी रक्कम लावलेली असेल, ती फसवणूक नसून बैठकीचा आणि पावाचा आकार आहे. तोर्तेल्लिनी हा सारण भरलेला छोटा पास्ता मागवू नका, त्यात डुकराचे मांस भरलेले असते. रिकोत्ता, म्हणजे पनीरसारखे मऊ चीज, भरलेली मोठी तोर्तेल्लोनी मागवता येईल, पण त्यातही मांस नाही ना हे आधी विचारून घेऊ. हे ताटात आल्यावर नाराज होण्याचे प्रकरण नव्हे.

बाबा, वरचे वाक्य येत्या रविवारी फोनवर म्हणून दाखवा. ‘फोस्से’मधला स्स जोरात, बाकी आवाज खाली.

तुमची लेक